परदेशातील घरभाड्याच्या नावाखाली फसवणूक: दोन देशांत तक्रार नेमकी कुठे आणि कशी करावी?

मुलुंडकर:

माझ्या मुलीला लीड्स येथे पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला असून ती सप्टेंबरमध्ये जाणार आहे. राहण्याची सोय इथूनच व्हावी म्हणून आम्ही ठाण्यातील एका परदेशी शिक्षण सल्लागाराने सुचवलेल्या संकेतस्थळावरून एक खोली निश्चित केली. भाडे आठवड्याला १५० पौंड ठरले. जागा अडवून ठेवण्यासाठी २५० पौंड मी क्रेडिट कार्डाने भरले. त्यानंतर १,००० पौंड अनामत आणि तीन महिन्यांचे आगाऊ भाडे १,९५० पौंड, असे २,९५० पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आमच्या बँकेच्या शाखेतून ब्रिटनमधील एका खात्यावर पाठवले. ही रक्कम माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेली होती.

करारनामा एका कंपनीच्या नावाने आला होता, त्यावर नोंदणी क्रमांक, शिक्का, सही असे सगळे होते. खाते मात्र एका व्यक्तीच्या नावे होते. विचारल्यावर ‘हे आमचे लेखापाल आहेत’ असे उत्तर आले. पैसे पोहोचल्याची खात्री झाल्यावर दोन दिवसांत त्यांचा फोन बंद झाला आणि पुढे संकेतस्थळही उघडेना. तिथल्या एका परिचितांनी पत्त्यावर जाऊन पाहिले. इमारत खरी आहे, छायाचित्रेही तिथलीच आहेत, पण त्या खोलीत दुसरेच विद्यार्थी राहतात आणि खऱ्या मालकाला या व्यवहाराची कल्पनाही नाही.

शाखेत सांगण्यात आले की पैसे देशाबाहेर गेले, आता पोलिसांकडे जा. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की खाते ब्रिटनमध्ये आहे, तक्रार तिकडे करा. ग्राहक म्हणून मी मुलुंडची आणि चोर परदेशातला, अशा वेळी दोन्ही देशांच्या यंत्रणा एकमेकांशी बोलतात की नाही? बोलत असतील तर माझे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग कोणता? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परकीय_चलन:

ताई, मी फोर्टमधील एका बँकेच्या परकीय चलन विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आधी पैशांच्या वाटेबद्दल लिहितो. सरकारे एकमेकांशी बोलतात, पण त्यांच्या पत्रव्यवहाराला महिने लागतात आणि अशा खात्यातले पैसे काही तासांत, फार तर काही दिवसांत पुढे सरकतात. म्हणून आज सकाळी पहिले काम बँकेचे.

तुमचे दोन व्यवहार पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे द्यावे लागतील. शाखेतून पाठवलेली रक्कम स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फत, गेली आहे. ‘काही करता येणार नाही’ हे शाखेचे उत्तर चुकीचे आहे. पाठवणाऱ्या बँकेला ‘रिकॉल’चा, म्हणजे रक्कम परत मागण्याचा, संदेश पाठवता येतो आणि त्यात फसवणूक हे कारण स्पष्ट नमूद करता येते. तुम्ही लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि व्यवहाराचा यूईटीआर क्रमांक मागून घ्या. हा ३६ वर्णांचा क्रमांक असतो आणि त्यावरून रक्कम मधल्या कोणत्या बँकेतून गेली, शेवटच्या खात्यात कधी जमा झाली, हे तुमच्या बँकेला पाहता येते. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना हा क्रमांक पटकन सापडत नाही, कारण तो मुख्य कार्यालयातील विदेश व्यवहार कक्षाकडे असतो. म्हणून ‘स्विफ्ट संदेशाची प्रत द्या’ असे म्हणा, त्या प्रतीवर तो असतोच. पैसे पाठवताना तुम्ही भरलेल्या ए-२ अर्जाची प्रतही घ्या, कारण लाभार्थीचे नाव आणि पैसे पाठवण्याचा हेतू त्यावर नोंदलेला आहे.

आता अडचण. रिकॉल ही विनंती असते, आदेश नसतो. रक्कम खातेदाराच्या नावे जमा झाली असेल तर साधारणतः त्याच्या संमतीशिवाय समोरची बँक ती परत पाठवत नाही. मात्र फसवणुकीचा संशय लेखी स्वरूपात पोहोचला की ती खाते तपासते, शिल्लक असेल तर रोखून धरते, आणि बहुतेक वेळा आपल्या बँकेकडून हमीपत्र मागते, म्हणजे पैसे परत केल्यावर पुढे कुणी दावा केला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी. म्हणूनच प्रत्येक तास महत्त्वाचा आहे.

कार्डाने भरलेल्या २५० पौंडांची बाजू त्यामानाने भक्कम आहे. परदेशी व्यापाऱ्याकडे कार्ड वापरताना बहुधा ओटीपी लागत नाही, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसते. पण तुम्ही स्वतः पैसे भरले असल्यामुळे ‘अनधिकृत व्यवहार’ अशी तक्रार करू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य मानली आहे, ती अनधिकृत व्यवहारांसाठी. तुमचे कारण ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ हे आहे आणि त्यासाठी चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत, मागता येतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याची मुदत साधारण १२० दिवस असते, पण थांबू नका. चुकीचे कारण लिहिल्यामुळे योग्य दावे फेटाळले गेलेले मी स्वतः पाहिले आहेत.

या सगळ्यासोबत १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद कराच. ही यंत्रणा मुख्यत्वे भारतातील बँका आणि वॉलेट कंपन्यांना जोडते, त्यामुळे ब्रिटनमधील खाते ती थेट गोठवू शकणार नाही. तरीही तिचा पोच क्रमांक तुमच्या बँकेला समोरच्या बँकेकडे पुरावा म्हणून लावता येतो. तक्रार देऊन तीस दिवस झाले आणि बँकेने उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते.

लीड्सवासी:

मी मूळची डोंबिवलीची, आता नोकरीनिमित्त इथे राहते. इथली बाजू सांगते.

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये फसवणुकीच्या तक्रारी राष्ट्रीय पातळीवर एकाच ठिकाणी नोंदवल्या जातात आणि ते काम सिटी ऑफ लंडन पोलीस पाहतात. पूर्वी त्या सेवेचे नाव ‘ॲक्शन फ्रॉड’ होते, आता ‘रिपोर्ट फ्रॉड’ आहे. तुम्ही भारतात राहत असलात तरी पैसे ब्रिटिश खात्यात गेले आहेत, त्यामुळे तुम्हाला ऑनलाइन नोंद करता येते. तक्रार तुमच्याच नावाने करा, कारण पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत. नोंद झाल्यावर जो गुन्हे संदर्भ क्रमांक मिळेल तो तुमच्या मुंबईतील बँकेला कळवा. शिवाय ज्या ब्रिटिश बँकेत पैसे जमा झाले, तिच्या फसवणूक विभागाला तुम्ही स्वतःही इमेल पाठवू शकता. ते खात्याची माहिती तुम्हाला देणार नाहीत, पण इशारा मिळाल्याची नोंद त्यांच्याकडे राहते.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण इंटरनेटवर वाचून अनेक पालक आशा लावून बसतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे असा नियम आहे की ग्राहकाने फसवणुकीला बळी पडून स्वतः पैसे पाठवले तरी बँकांनी ते ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यायचे. हा नियम ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये झालेल्या व्यवहारांपुरता आहे. परदेशातून आलेल्या रकमेला तो लागू नाही. मला हे फार अन्यायाचे वाटते. खाते त्याच बँकेतले, चोर तोच, पण पैसे मुलुंडहून आले म्हणून संरक्षण नाही.

आणि एक गोष्ट बाकीच्या पालकांसाठी. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने जागा अडवून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि साधारण घरांसाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. १५० पौंड भाडे असेल तर अनुक्रमे १५० आणि ७५० पौंड. तुमच्याकडून २५० आणि १,००० मागितले गेले, हा मुद्दा दोन्ही देशांतील तक्रारींत आवर्जून लिहा. इथे लीड्समध्ये युनिपॉल ही विद्यार्थ्यांच्या घरांसाठी काम करणारी धर्मादाय संस्था आहे, आणि विद्यापीठाचे निवास कार्यालयही जागेची शहानिशा करायला मदत करते. मुलीच्या नव्या जागेसाठी तिथेच विचारा.

वांद्रे_वकील:

पोलिसांनी दिलेले उत्तर कायद्याला धरून नाही. पैसे मुंबईतून गेले, फसवणुकीचे संदेश मुंबईत वाचले गेले, नुकसान मुंबईत झाले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ (फसवणूक) आणि ३१९ (तोतयेगिरी करून फसवणूक), तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड यांखाली इथे गुन्हा नोंदवता येतो. त्याच कायद्याच्या कलम ७५ नुसार, गुन्ह्यात भारतातील संगणक किंवा संगणक प्रणाली गुंतलेली असेल तर देशाबाहेरून केलेल्या कृत्यालाही कायदा लागू होतो. ठाणे अंमलदारांनी नकार दिला तर तुमच्या प्रादेशिक विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि वरिष्ठांना त्याची प्रत पाठवा.

ब्रिटनकडून पुरावा मागवण्याचा अधिकृत रस्ता अस्तित्वात आहे. गुन्ह्यांचा तपास आणि गुन्ह्यातून मिळवलेल्या पैशांचा माग, गोठवणूक व जप्ती यांबाबत भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९२ मध्ये करार झाला आहे. विनंती तपास अधिकाऱ्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते. इंटरपोलचे भारतातील काम सीबीआय पाहते आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतपोल’ पोर्टलमुळे राज्यांच्या पोलिसांना सीबीआयपर्यंत विनंती पोहोचवणे सोपे झाले आहे. साडेतीन लाखांच्या एकाच तक्रारीसाठी ही सगळी यंत्रणा हलेल अशी अपेक्षा मी तुम्हाला देणार नाही. त्याच खात्यात आणखी दहा-पंधरा पालकांचे पैसे गेले असल्याचे दिसले, तर चित्र बदलते. म्हणून प्राथमिक माहिती अहवालात खाते क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि फोन क्रमांक अचूक नोंदवून घ्या, त्याशिवाय तक्रारी एकमेकींशी जुळत नाहीत.

आता ग्राहक कायदा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार भारतात स्थापन न झालेली, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू वा सेवा देऊ करणारी कंपनीही त्या नियमांच्या कक्षेत येते. खऱ्या परदेशी कंपनीविरुद्ध याचा उपयोग होतो, पण कागदोपत्रीच उभ्या केलेल्या कंपनीविरुद्ध आदेश मिळाला तरी तो बजावायचा कुणावर, हा प्रश्न उरतो. माझ्या मते तुमची खरी बाजू ठाण्यातील सल्लागाराविरुद्ध आहे. त्याने तुमच्याकडून शुल्क घेतले होते का आणि निवासाची व्यवस्था त्याच्या सेवेत नमूद होती का, हे पावती आणि पत्रव्यवहारातून पाहा. शुल्क घेऊन त्याने संकेतस्थळ न तपासता सुचवले असेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. फुकट दिलेल्या सेवेबद्दल मात्र ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय केली आहे, त्यामुळे ठाण्याला खेटे घालण्याची गरज नाही. मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करता येईल. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

ग्राहक_चळवळ:

वरील तिन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मूळ प्रश्नाचा एक भाग मात्र अजून राहिला आहे: दोन देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणा एकमेकांशी बोलतात की नाही? बोलतात, आणि पुष्कळ वर्षांपासून बोलतात. १९९२ मध्ये अनेक देशांच्या ग्राहक संरक्षण अधिकाऱ्यांचे एक जाळे उभे राहिले, ते आज ‘आयसीपेन’ या नावाने ओळखले जाते. त्याच्याच पुढाकाराने २००१ मध्ये तेरा देशांनी मिळून ‘ईकन्झ्युमर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. सीमेपलीकडच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार तिथे नोंदवली की ती सहभागी देशांच्या अधिकाऱ्यांना पाहता येते. संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे १९८५ मध्ये स्वीकारली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुधारली. सीमापार फसवणुकीच्या तपासात देशांनी एकमेकांना माहिती व मदत द्यावी, हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मात्र ती बंधनकारक नाहीत.

या सहकार्याची चौकट समजली की निराशा थोडी कमी होते. अधिकारी तक्रारींमधला नमुना शोधतात: एकाच खात्याकडे, एकाच संकेतस्थळाकडे, एकाच पैसे-हस्तांतर कंपनीकडे बोट दाखवणाऱ्या अनेक तक्रारी. एका माणसाचे पैसे परत मिळवून देणे हे त्यांचे काम नसते. पण तक्रारींचा ढीग पुरेसा उंच झाला की परिणाम मोठा होतो. फसवणूक करणाऱ्यांना आपल्या यंत्रणेतून पैसे पाठवू दिल्याबद्दल जानेवारी २०१७ मध्ये वेस्टर्न युनियनने अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांशी तडजोड करून ५८.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि त्यातून फसवल्या गेलेल्या लोकांना भरपाई दिली गेली, अमेरिकेबाहेरच्यांनाही. इतर देशांच्या अधिकाऱ्यांना माहिती आणि तपासात मदत देता यावी म्हणून अमेरिकेने २००६ मध्ये स्वतंत्र कायदाच केला आहे. परकीय_चलन साहेबांचे सूत्र, आधी बँक, मला पूर्ण मान्य आहे. पण बँकेचे काम आटोपल्यावर अर्धा तास काढून ईकन्झ्युमरवरही तक्रार नोंदवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुम्हाला त्यातून एक पौंडही मिळणार नाही कदाचित, पण पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांसाठी ती नोंद उपयोगी पडेल.

आपल्या मुंबईकरांना हे सहकार्य दुसऱ्या बाजूने माहीत असायला हवे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून, अटकेची भीती घालून, तिथल्या नागरिकांकडून पैसे उकळले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने भारतातील कॉल सेंटरमधून चालणाऱ्या अशाच टोळीविरुद्ध आरोपपत्र जाहीर केले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील साथीदारांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. दोन्ही टोकांना कारवाई झाली तेव्हाच अशी टोळी मोडते: इकडे फोन करणारे, तिकडे पैसे गोळा करणारे. परदेशातील ग्राहकासाठी आपले पोलीस मीरा रोडला मध्यरात्री छापा घालू शकतात, तर मुलुंडच्या ग्राहकासाठी ब्रिटनमधील म्यूल खात्याची (चोरीचे पैसे पुढे सरकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खात्याची) चौकशी व्हावी, ही मागणी आपणही हक्काने करायला हवी.

कायद्याची पोकळी आहेच. सायबर गुन्ह्यांवरील २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्हेविरोधी नवा करार स्वीकारला, आणि ४० देशांनी त्याला मान्यता दिल्यावर तो लागू होईल अशी त्यात अट आहे. माझे मत असे की गुन्हेगारी करारांची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, विद्यार्थी सर्वाधिक संख्येने जातात त्या देशांच्या ग्राहक यंत्रणांशी थेट माहिती देवाणघेवाणीची व्यवस्था करावी. घरभाडे, प्रवेश शुल्क, व्हिसा या नावांखाली होणाऱ्या फसवणुकीचा हंगाम ठरलेला असतो, मे ते सप्टेंबर. त्या काळापुरती जरी दोन कार्यालये रोज एकमेकांना संशयित खाती कळवत राहिली, तरी पुष्कळ कुटुंबे वाचतील.

कागदपत्रे लावण्यात अडचण आली तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या तक्रार मार्गदर्शन केंद्रात जा. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांच्या बाजूने उभी आहे. सल्लागाराला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा तपासून घ्यायलाही तिथे मदत होईल.

दहिसरकर:

एक इशारा देणे आवश्यक वाटते. गेल्या वर्षी माझ्या भावाने परदेशी संकेतस्थळावरील फसवणुकीबद्दल एका समाजमाध्यमावर लिहिले. दुसऱ्याच दिवशी ‘आम्ही आंतरराष्ट्रीय वसुली विभागातून बोलतो, तुमची रक्कम सापडली आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असे इंग्रजीतून फोन सुरू झाले. त्यांच्याकडे रकमेचा आकडाही बरोबर होता. पैसे परत मिळवून देण्यासाठी कोणतीही सरकारी यंत्रणा आगाऊ शुल्क घेत नाही. इंटरपोलही सामान्य नागरिकाला फोन करून पैसे मागत नाही. ताई, तुम्हालाही व्यक्तिगत निरोपातून असे संदेश येतील, त्यांना उत्तर देऊ नका.

मुलुंडकर:

सर्वांचे मनापासून आभार. लेखी अर्ज दिल्यावर शाखेने रिकॉलचा संदेश पाठवला आणि स्विफ्ट प्रतही दिली. रक्कम जमा झाल्याची तारीख त्यावरून कळली. कार्डाचा दावा ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने दाखल केला. ब्रिटनमधील संदर्भ क्रमांक मिळाला आहे, आणि सायबर पोलीस ठाण्यात अर्ज स्वीकारला गेला. सल्लागाराने शुल्काची पावती दिलेली आहे व तीत ‘निवास साहाय्य’ असे लिहिले आहे, त्यामुळे नोटीस देणार आहोत. ईकन्झ्युमरवरही तक्रार नोंदवली.

आज बँकेतून फोन आला की समोरच्या बँकेने खात्यात काही रक्कम रोखून धरली आहे, पण ती किती हे सांगितलेले नाही, आणि हमीपत्रावर माझी सही हवी आहे. सही करावी का?

परकीय_चलन:

ही चांगली बातमी आहे. रोखलेल्या रकमेवर इतर फसवलेल्यांचाही दावा असू शकतो, त्यामुळे पूर्ण रक्कम येईलच असे गृहीत धरू नका.

सही करा, पण मसुदा घरी आणून वाचा, वांद्रे_वकील यांना किंवा ओळखीच्या वकिलांना दाखवा. हमीची मर्यादा प्रत्यक्ष परत येणाऱ्या रकमेएवढीच असावी. ‘अमर्याद’ किंवा ‘सर्व खर्चासह’ असे शब्द असतील तर ते बदलून मागा. व्यवहाराची तारीख, यूईटीआर क्रमांक आणि २,९५० पौंड हा आकडा त्यावर लिहिलेला असावा, एकही जागा कोरी ठेवू नका. परत येणारी रक्कम त्या दिवसाच्या दराने रुपयांत जमा होईल आणि मधल्या बँकांचे शुल्क वजा होईल, त्यामुळे जमा झाल्यावर विनिमय दराची पावती मागून घ्या. सल्लागाराविरुद्धच्या तक्रारीत उरलेल्या नुकसानीचा हिशोब मांडायला तीच लागेल.